आधी तिप्पट की आधी चौकट

माझा आयुष्यात एकच फोटो असा निघाला की ज्यात मला मान आहे. शरीरातली म्हणतोय; समाजातल्या मानाचा हिशेब पुढे येईलच. फोटो लग्नाआधीचा, चार इंच रुंद. डोक्यावर एवढे केस की भांग पाडायला जागा शोधावी लागली असेल, आणि हनुवटी संपल्यापासून कॉलर सुरू होईपर्यंत मध्ये स्वच्छ मोकळी जागा. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत हनुवटी परस्पर कॉलरमध्ये जमा झालेली दिसते. त्यामुळे आमच्या वाचनालयाच्या समितीने जेव्हा ठरवलं की खजिनदारांचा, म्हणजे माझा, फोटो वाचनकक्षाच्या भिंतीवर लावायचा, तेव्हा कोणता फोटो द्यायचा हा प्रश्नच माझ्यापुढे आला नाही.

वाचनालयाचा खजिनदार ही काय चीज असते, हे बाहेरच्यांना कळत नाही. अध्यक्ष भाषण करतात, चिटणीस पत्रं लिहितात आणि खजिनदार 'नाही' म्हणतो. मी इतकी वर्षं इतक्या सातत्याने नाही म्हणत आलो की शेवटी लोकांना माझ्याबद्दल आदर वाटू लागला. निदान याला एकदा भिंतीवर टांगून टाकू, असं तरी वाटू लागलं. त्या भिंतीवर थोरांची एक रांग आहे. एका टोकाला खिडकीशी संस्थापक, दुसऱ्या टोकाला दाराशी पहिले ग्रंथपाल, मध्ये देणगीदार मंडळी खांद्याला खांदा लावून. आणि संस्थापक व खिडकी यांच्यामध्ये अठरा इंच आणि वर बोटभर अशी एक मोकळी जागा. वर्तमानपत्र वाचण्याच्या मिषाने मी त्या जागेकडे किती पाहिलं असेल, ते मला आणि त्या वर्तमानपत्राला ठाऊक.

त्या जागेकडे बघणारा मी एकटा नव्हतो, ही खरी अडचण. आमचे सहचिटणीस दोन खुर्च्या सोडून बसतात आणि त्यांचंही वर्तमानपत्र बऱ्याचदा उलटं असतं. त्यांना सगळे 'उपसूचना' म्हणतात. कोणीही काहीही मांडलं की हे हात वर करणार आणि म्हणणार, माझी एक छोटीशी उपसूचना आहे. चहा मागवावा असं कोणी म्हटलं, तर तो गरम असावा अशी यांची उपसूचना. माझ्या फोटोच्या ठरावाला त्यांनी हसतमुखाने अनुमोदन दिलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पाठोपाठ उपसूचना आलीच: रविवारी कार्यक्रमाच्या वेळी काही कारणाने फोटो भिंतीवर नसला, तर ती जागा उघडी दिसणं संस्थेला शोभणार नाही, सबब तिथे दुसरा एखादा योग्य फोटो कायमचा लावण्यात यावा. कोणाचा, ते त्यांनी विनयाने सांगितलं नाही. मात्र बोलताना केसांवरून एकदा हात फिरवून घेतला.

मी घाबरलो नाही. घाबरण्यासारखं होतंच काय? सोमवार ते शनिवार हातात होते आणि काम दोन दुकानांचं. आमच्या रस्त्यावर एक फोटोवाला आहे आणि त्याच्यापासून चार दुकानं सोडून एक फ्रेमवाला. दोघांचेही नियम भिंतीवरच्या पाटीसारखे पक्के. फोटोवाला समोर येईल त्याची तिप्पट करतो आणि दोन्ही बाजूंना एकेक इंच पांढरी किनार सोडतो. का, तर त्याच्या वडिलांनी त्याला तसं शिकवलं. फ्रेमवाला समोर येईल त्याला दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंचांची लाकडी पट्टी ठोकतो. दुसऱ्या मापाची पट्टी मागितली तर दुखावतो. या दोघांमध्ये एक गुण समान आहे: पुढ्यात काय आलंय, हे विचारायचं नाही. आपलं जे काम आहे ते करून मोकळं व्हायचं. असे लोक मला फार आवडतात. आमच्या कचेरीत असा एकही नाही.

हिशेब मी तोंडी केला. चारची तिप्पट बारा, किनारीचे दोन चौदा, पट्टीचे चार अठरा. जागा अठरा. उंचीची काळजीच नव्हती, वर छतापर्यंत मोकळं होतं. इतकं चोख बसलेलं गणित बघून माझे डोळे भरून आले.

आमच्या घरी गणिताचा शेवटचा शब्द माझा नाही. बायको शाळेत बीजगणित शिकवते. तिच्यासमोर मी आकड्यांबद्दल बोलताना थोडा बेतानेच बोलतो, पण या वेळी राहवलं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर तिने एवढंच विचारलं की आधी कुठे जाणार. सोमवारी फोटोवाल्याची सुट्टी, म्हणून आधी फ्रेमवाल्याकडे जाऊन तिकडचं काम उरकतो, मंगळवारी फोटोवाल्याकडे टाकतो, असं मी सांगितलं. एक दिवस वाचतो.

"आधी फ्रेम?" ती म्हणाली.

मी तिला समजावलं. म्हटलं, अगं, मी जन्मभर बेरजा केल्या आहेत. वरून खाली करा की खालून वर, उत्तर तेच येतं. दोन माणसांकडून दोन कामं करून घ्यायची आहेत. पहिलं आधी झालं काय, दुसरं आधी झालं काय. यावर ती हसली. फळ्यापाशी उभं राहून आत्मविश्वासाने चुकणाऱ्या मुलाकडे बघून मास्तर लोक हसतात, तसं. "जाऊन या," म्हणाली. तिचं मत असं आहे की मुलाला मध्येच अडवलं तर त्याला कळत नाही. पूर्ण चुकू द्यावं. हे तिचं मत शाळेपुरतं आहे, अशी माझी आजवर समजूत होती.

फ्रेमवाल्याने फोटो हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि मी पुढे काही बोलायच्या आत मागे डिंक फासून पुठ्ठ्यावर दाबला. वर काच, चारी बाजूंनी पट्टी, मागे खिळे, खिळ्यांवर कागद. तयार वस्तू आठ इंच रुंद. मध्यभागी मी चार इंचांत, भोवती हाताएवढी जाड लाकडी तटबंदी. खोल कोनाड्यातून कोणीतरी बाहेर डोकावतंय असं दिसत होतं. पण मान होती.

मंगळवारी ती फ्रेम फोटोवाल्याकडे टाकली. त्याने काउंटरवर ठेवून टेप लावली आणि म्हणाला, शनिवारी या. मी विचारलं, नक्की होईल ना? तो म्हणाला, साहेब, आपल्याकडे वस्तू जशी येते तशीच मोठी होते, आपण गिऱ्हाइकाच्या वस्तूत काटछाट करत नाही. हे वाक्य ऐकून मी निर्धास्त झालो. आज विचार करतो, तेव्हा कळतं की या वाक्याने कोणीही शहाणा माणूस जागच्या जागी थिजला असता.

शनिवारी सकाळी फोटोवाल्याने दोन्ही हात पसरून आतून एक गुंडाळी आणली आणि काउंटरवर उलगडली. उलगडतच राहिली. सव्वीस इंच. पांढरी किनार होती, त्याच्या वडिलांच्या शिकवणीप्रमाणे. किनारीच्या आत लाकूड होतं. म्हणजे लाकडाचा फोटो. सहा-सहा इंच रुंदीचं लाकूड, त्याच्या नसा, त्याच्या गाठी, आणि एका कोपऱ्यात फ्रेमवाल्याच्या हातोडीचा चुकलेला एक टोला, सगळं तिप्पट. वरच्या बाजूला अडकवायची कडी होती, ती बैलाच्या वेसणीएवढी झाली होती. आणि या सगळ्या बांधकामाच्या मधोमध मी.

मी फोटोवाल्याला विचारलं की हे काय आहे. त्याने तितक्याच शांतपणे विचारलं की तुम्ही काय दिलं होतंत. मी फ्रेम दिली होती, त्याने फ्रेम मोठी केली होती. मग निदान आतला फोटो बाहेर काढून नव्याने करा, असं म्हणालो, तर तो म्हणाला, यंत्र बंद पडलंय. तुमचा शेवटचा. एवढा मोठा कागद ओढता ओढता त्याने हात टेकले, आता मेकॅनिक बुधवारी येणार.

मी सव्वीस इंचांचा स्वतः आणि आठ इंचांचा मूळ स्वतः असे दोन्ही घेऊन फ्रेमवाल्याकडे धावलो. मूळ फोटो काचेतून बाहेर काढ म्हटलं. त्याने अभिमानाने डिंकाचं नाव सांगितलं आणि म्हणाला, काढायला गेलात तर पुठ्ठा हातात येईल आणि चेहरा काचेला राहील. बोलता बोलता त्याचा दुसरा हात सवयीने सव्वीस इंचांच्या कागदाकडे गेला आणि तिथे त्याने पट्टी धरूनही पाहिली. मी तो कागद त्याच्या हातून हिसकावून घेतला. आणखी थोडा वेळ थांबलो असतो तर मी तीस इंचांचा झालो असतो. आठ इंचांची मूळ फ्रेमच लावावी, तर तिच्या दोन्हीकडे पाच-पाच इंच जागा उघडी राहून उपसूचनांना आयतंच निमित्त मिळालं असतं.

तेवढा मोठा कागद रस्त्याने नेणं सोपं नसतं. गुंडाळला तर चेहऱ्याला घडी पडते म्हणून मी तो दोन्ही हातांनी पुढे धरून चाललो होतो. वारा होता. औषधांच्या दुकानापाशी एका झुळकीसरशी मी न ठरवताच पलीकडच्या फुटपाथवर गेलो. समोरून बघणाऱ्याला माझा भला मोठा हसरा चेहरा आणि खाली दोन पाय एवढंच दिसत असणार. औषधवाला काउंटर सोडून पायरीवर येऊन उभा राहिला, त्याने चष्मा काढला आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला हळूच सांगितलं, परवाच खोकल्याचं औषध घेऊन गेले होते हो, काही वाटलं नाही. मी कागदामागून सांगितलं की खोकला आता बरा आहे. गिऱ्हाईक आल्या पावली परत गेलं.

जिन्यात वरच्या मजल्यावरचे आप्पा भेटले. आप्पा निवृत्त आहेत आणि सल्ल्याच्या बाबतीत अजून पूर्ण नोकरीत. त्यांनी कागद जिन्याच्या कठड्याला टेकवला, डोकं मागे नेऊन पाहिला आणि एकामागून एक तोडगे काढले. पहिला, फोटो तिरका लावा, तिरक्या वस्तूला जागा कमी लागते. मी म्हटलं, मी तिरका दिसेन. त्यावर त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि दुसरा तोडगा काढला: फोटो भिंतीला सपाट न लावता बिजागऱ्यांवर दाराच्या फळीसारखा उभा लावा, म्हणजे भिंतीवर जागा फक्त कागदाच्या जाडीएवढी, आणि लोकांना दोन्ही बाजूंनी बघता येईल. मागच्या बाजूला काय आहे, असं मी विचारलं. मागच्या बाजूला जाहिरात घ्या, म्हणाले. तिसरा तोडगा मीच ऐकला नाही. पुढे कळलं की तो खिडकी बुजवण्याचा होता आणि तो त्यांनी परस्पर गवंड्याला सांगूनही टाकला होता.

दुपारी मी तातडीची बैठक बोलावली. माणसाची बुद्धी फिरते तेव्हा तो समितीकडे जातो. माझी मागणी साधी होती: संस्थापकांना आठ इंच पलीकडे सरकवा. अध्यक्ष दयाळू आहेत, पण त्यांना दूरचं दिसत नाही, जवळचंही बेताचंच. त्यांनी विचारलं की संस्थापक सरकले तर त्यांच्या शेजारचे कुठे जातील. तेही आठ इंच. मग त्यांच्या शेजारचे? तेही. अशी सगळी रांग आम्ही टेप घेऊन सरकवत नेली आणि शेवटी पहिले ग्रंथपाल भिंतीवरून निघून दारावर आले. म्हणजे यापुढे वाचनालयात येणारा प्रत्येक माणूस त्यांना छातीवर हात ठेवून ढकलणार, आणि जाणारा ओढणार. चिटणिसांनी निदर्शनास आणलं की शिवाय संस्थापकांना हलवायला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते, सभेला आगाऊ सूचना लागते, आणि सूचना लावायचा फळा कुलपात आहे, किल्ली खजिनदारांकडे. किल्ली मी दिली असती. सभा कुठून देणार?

उपसूचनांच्या पायाशी एक कापडी पिशवी होती, सपाट आणि चौकोनी. त्यांनी हात वर केला नाही. गरजच नव्हती. त्यांनी फक्त सहज विचारलं की उद्याचा कार्यक्रम दहाला ना. मी पिशवीकडे पाहिलं. माझी नजर आता इतकी तयार झाली होती की न मोजता सांगू शकत होतो: अठरा इंच. हा माणूस आधी फोटोवाल्याकडे गेला होता आणि नंतर फ्रेमवाल्याकडे. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच कशात उपसूचना न आणता सरळ क्रमाने काम केलं होतं.

घरी येऊन मी कागद जेवणाच्या टेबलावर पसरला आणि कात्री घेतली. म्हटलं, चौकटच नको असेल तर चौकट कापून टाकू. चौकट किती होती? दोन्हीकडे दोन-दोन इंच. पट्टी ठेवून मी दोन्हीकडचे दोन-दोन इंच शिस्तीत कापले आणि मागे होऊन पाहिलं. पांढरी किनार गेली होती. लाकूड जिथल्या तिथे होतं. चौकट दिसतेच आहे, मी कापली तरी दिसते आहे, हे बघून मला आपल्याला ताप आला असावा असं वाटलं. तेवढ्यात बायको शाळेतून आली. तिने पर्स खुर्चीला अडकवली, टेबलावरच्या त्या प्रकाराकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की लग्नातसुद्धा तो मला दिसला नव्हता.

"अहो, हे तर संयोजन आहे," ती म्हणाली. "एकातून निघालेलं दुसऱ्यात टाकायचं. तुम्ही घरबसल्या संयोजन केलंत."

मी म्हटलं की मी फोटो केलाय आणि तोही वाया गेलाय. पण ती ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. माझ्याच कापलेल्या पांढऱ्या पट्टीवर तिने पेन्सिलीने मांडायला सुरुवात केली. फोटोवाला म्हणजे एक फलन: क्ष आत टाकला की तीन क्ष अधिक दोन बाहेर. फ्रेमवाला दुसरं फलन: जे आत टाकाल तेच अधिक चार. आता क्ष आधी फोटोवाल्याकडे गेला, तर तीन क्ष अधिक दोन झाला. तो सबंध फ्रेमवाल्याच्या हातात दिला, त्यात चार मिळाले, तीन क्ष अधिक सहा. क्ष म्हणजे तुम्ही, चार इंच. बारा आणि सहा अठरा. मी म्हटलं, हे मीही केलं होतं.

"थांबा. आता तुम्ही केलंत ते. आधी फ्रेमवाला, म्हणजे क्ष अधिक चार. मग फोटोवाल्याच्या पुढ्यात कोण गेलं?"

"मी."

"तुम्ही एकटे नाही गेलात. कंस गेला. क्ष अधिक चार, असा अख्खा कंस. त्याने कंसाची तिप्पट केली. म्हणजे क्ष तिप्पट झाला आणि ते चारसुद्धा तिप्पट झाले."

तीन क्ष अधिक बारा, त्यात किनारीचे दोन, तीन क्ष अधिक चौदा. सव्वीस. तिने दोन्ही उत्तरं एकाखाली एक लिहिली: तीन क्ष अधिक सहा, तीन क्ष अधिक चौदा. आणि मला विचारलं काय दिसतं. मला माझं आयुष्य दिसत होतं, पण मी आठ म्हटलं. बरोबर, म्हणाली, आठचा फरक. आणि गंमत म्हणजे त्याचा तुमच्याशी काही संबंध नाही. क्ष केवढाही घ्या, फरक आठच. शून्य घेतला तरी आठ.

"शून्य म्हणजे फोटोत मी नाहीच?"

"नाहीच. नुसती चौकट आणि किनार. तरी आठ इंच जास्तच भरतं." पुढे ती म्हणाली, सोमवारी वर्गात हेच घेते, मुलं दरवर्षी याच ठिकाणी चुकतात, आतलं आधी की बाहेरचं आधी म्हणून, खजिनदार शून्य धरा म्हटलं की कोणी विसरणार नाही. मी तिला बजावलं की वर्गात 'एक गृहस्थ' म्हणायचं. गृहस्थ शून्य धरा, हे ती मान्य करायला तयार झाली.

मी तिला म्हटलं, अगं, हे सगळं ठीक आहे, पण उद्या दहा वाजता तो माणूस माझ्या जागेवर लटकणार, त्याचं काय? तिने पेन्सिल तीन क्षवर ठेवली. दोन्ही उत्तरांत तीन क्ष आहे, म्हणाली. म्हणजे तुमचे बारा इंच इथेच आहेत, याच कागदाच्या पोटात. चौकट दोनची सहा झाली, एक इंच किनार, तुम्ही दोन कापलेत. दोन्हीकडून अजून पाच-पाच कापा. उरेल तो तुमचा तिप्पट केलेला फोटो. तो चौदा इंचांच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवा आणि फ्रेमवाल्याकडे न्या. अठरा.

मी तिला मिठी मारली नाही, कारण हातात कात्री होती. पाच-पाच इंच कापले, वरखालचंही तसंच. लाकूड गेलं, कडी गेली, हातोडीचा टोला गेला, आणि मी उरलो, बारा इंच, मानेसकट. बायकोने कागद उजेडात धरला आणि विचारलं, "हा मागे कोण उभा आहे?"

मागे कोणी असण्याचं कारण नव्हतं. तो फोटो स्टुडिओत काढलेला, मागे नुसता पडदा. पण माझ्या डाव्या खांद्यावरून, पडद्याच्या जागी, एक माणूस किंचित पुढे वाकून बघत होता. अंधुक, पण नीट. केसांवरून हात फिरवत. आम्ही दोघांनी एकदमच ओळखलं. फ्रेमच्या काचेत पडलेलं उपसूचनांचं प्रतिबिंब होतं ते. फोटोवाल्याकडे फोन केला तेव्हा तो म्हणाला, हो, तुमच्या फ्रेमचा फोटो काढत होतो तेव्हा ते साहेब आले होते, त्यांना स्वतःचा मोठा करायचा होता. तुमचं काम कसं चाललंय ते अगदी वाकून बघत होते. आपण काटछाट करत नाही, हे त्याने पुन्हा सांगितलं.

आता निवड सरळ होती. उपसूचनांना मागे घेऊन भिंतीवर चढायचं, की उपसूचनांना एकट्याला चढू द्यायचं. खोडरबराने त्यांना पुसता येईल का, ते मी एका कोपऱ्यात करून पाहिलं. त्यांचा हात गेला आणि माझ्या खांद्याचाही थोडा भाग गेला, म्हणून थांबलो. बायको म्हणाली, जागा कुणाची आहे? माझी. मग लावा. संध्याकाळी फ्रेमवाल्याने काही न विचारता पट्टी ठोकली. अठरा.

रविवारी दहाला अध्यक्षांनी दोरी ओढली आणि पडदा सरकला. संस्थापक आणि खिडकी यांच्यामध्ये मी इतका चपखल बसलो होतो की खिडकीची कडी माझ्या कानाला लागत होती. उपसूचना पहिल्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. ते हळूहळू उठले, भिंतीजवळ गेले, माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या खांद्यामागे बघत राहिले. अध्यक्षांनीही नाक फोटोला लागेल इतक्या जवळून पाहिलं आणि वळून भाषण केलं. म्हणाले, भिंतीवर एकट्याने विराजमान होण्याचा मान मिळत असता ज्यांनी आपल्या सहकाऱ्याला पाठीशी घेतलं, त्यांच्याएवढं मोठं मन या संस्थेने आजवर पाहिलं नव्हतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मला नाही म्हणायचं होतं. इतकी वर्षं जे म्हणत आलो तेच म्हणायचं होतं, पण त्या टाळ्यांत तोंडच उघडेना.

उपसूचनांचे डोळे ओले झाले होते. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, मी तुम्हाला ओळखलं नव्हतं हो. मग सवयीने हात वर गेला. एक छोटीशी उपसूचना: फोटोखालच्या पाटीवर दोघांचीही नावं असावीत. एकमताने मंजूर. एकमत व्हायला माझं मत लागत होतं. ते मी दिलं. नावांपुढे पदं आणि पुढचा कोण, मागचा कोण हेही घालावं, असं चिटणीस म्हणाले, तेवढ्यात मात्र मी भानावर आलो आणि पाटीवर अक्षरं वाढवणं हा निव्वळ अपव्यय आहे असं सांगून ती सूचना फेटाळायला लावली. खजिनदार आहे मी.

परवा मी त्या फोटोखाली वर्तमानपत्र वाचत बसलो होतो, सुलटं. नव्याने सभासद झालेल्या एक बाई चष्मा वर करून फोटो बघत होत्या. म्हणाल्या, सहचिटणीस साहेब किती हुबेहूब आलेत. मी मान हलवली, जेवढी आहे तेवढी. मग त्यांनी पुढच्या, केसाळ, सडपातळ मूर्तीकडे बोट केलं आणि मला विचारलं, "आणि हा पुढे उभा आहे, तो त्यांचा मुलगा का हो?"

मी वर्तमानपत्राची घडी घातली.

"भाचा," म्हटलं. "फार गुणी मुलगा. त्यांचं सगळं त्याच्यामुळेच तर चाललंय."